रोड्सचा कोट बघायला चप्पल कोणती?

प्रश्न : मी लातूरची, नळदुर्ग-परंडा लई वेळा पाहिलेत. पोरगा म्हणतो, आई ग्रीसला चल, रोड्स बेटावरचं जुनं तटबंदीचं गाव दाखवतो. किल्ले काय इथं कमी आहेत का? आणि गुडघे दुखतात, जमेल का?

उत्तर : ताई, जावाच! नळदुर्गच्या तटावर भर दुपारी फिरलात ना, मग हे जमतंय. तट जवळपास ४ किलोमीटर, पण चढ फार नाही, अन् बाहेरचा खंदक कोरडाठाक, त्यातून फुकट चालत जाता येतं, दोन्हीकडं उंच भिंती, मधेच दगडी तोफगोळे पडलेले, मी तर तिथंच तासभर बसले. १३०९ पासून सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, इथं होते, १५२२ला तुर्की सुलतान सुलेमाननं वेढा घालून घेतलं, म्हणून आत चर्चबी आहे अन् मशीदबी. नाइट्सच्या प्रमुखाचा मोठा राजवाडा मात्र १८५६च्या दारूगोळ्याच्या स्फोटात उडालेला, आत्ताचा इटालियन लोकांनी नंतर बांधलेला, तेव्हा फार भुलू नका.

खरी अडचण गल्ल्यांची. समुद्रातले गोटे उभे रोवलेत, माझी सपाट चप्पल दोनदा सटकली. जाड तळव्याचे बूट घ्या. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) आधी काढा, अथेन्सहून विमान तासाभराचं.