लफेव्र: आडनावातला न बोलला जाणारा 'ब'

प्रश्न असा आहे: 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ आँरीचं आडनाव मराठी लेखांत लेफेब्व्रे, लेफेब्र, लेफेवर असं नाना तऱ्हांनी दिसतं, त्यातलं खरं कोणतं? आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहासकार जॉर्ज हे त्यांचेच कुणी का?

'लफेव्र' लिहावं. फ्रेंच स्पेलिंगमध्ये 'ब' असतो, पण तो उच्चारायचा नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' म्हणजे लोहार. हा शब्द लॅटिन 'फाबेर'वरून आला आणि येता येता त्यातला 'ब' जाऊन 'व' झाला. पुढे लेखनिकांना लॅटिन मूळ दाखवण्याची हौस आली आणि त्यांनी 'ब' परत घुसवला. आपल्याकडे 1962च्या नियमांआधी 'पांच' लिहिताना 'पञ्च'ची आठवण म्हणून अनुस्वार देत, तसलाच हा प्रकार. तिकडे मात्र गंमत पुढेच आहे. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' ही अक्षरं वेगळी लिहीत नसत. त्यामुळे काहींनी ते स्पेलिंग 'लफेब्यूर' असं वाचलं आणि तसंच बोलायलाही लागले. लिपीने भाषा बिघडवल्याचं उदाहरण म्हणून भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी हेच आडनाव दिलंय. मला 'बिघडवली' हा शब्द जड वाटतो. ऑर्गनवादक लफेब्यूर-वेली किंवा पियानोवादक इव्हॉन लफेब्यूर यांना तुमचं आडनाव चुकीचं आहे असं कोण सांगणार?

'फेव्र' एकटा आता भाषेत उरला नाही, लोहाराला 'फोर्जरों' म्हणतात. सोनारात मात्र तो टिकलाय: 'ऑर्फेव्र'.

आता माणसं. जॉर्ज (1874–1959) लील शहरातले. 1789च्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत पसरलेल्या भीतीवरचं त्यांचं पुस्तक 1932चं. आँरी (1901–1991) पार नैर्ऋत्येकडचे, मार्क्सवादी तत्त्वज्ञ. 'शहरावरचा हक्क' 1968चं. दोघांचं नातं आडनावापुरतंच. याच आडनावाचे परंपरावादी कॅथलिक आर्चबिशप मार्सेल हे लीलच्या शेजारच्या तूर्क्वँचे. उत्तर फ्रान्समध्ये या आडनावाची दाटीच आहे. दक्षिणेत तोच लोहार 'फाब्र' किंवा 'फोर' होतो (कीटकांचे अभ्यासक जाँ-आँरी फाब्र आठवा), तर वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीत 'ल गॉफ'. 1530मध्ये सबंध बायबल फ्रेंचमध्ये आणणारे लफेव्र देताप्ल मात्र सहसा 'ब'शिवायच लिहिले जातात.

पॅरिसमधला बुलव्हार लफेव्र हा रस्ता नेपोलियनच्या मार्शलच्या नावाचा. कॅनडात मेमरमकूकला 'मॉन्युमाँ-लफेव्र' हे स्मारक आहे, ते 1864मध्ये तिथं कॉलेज काढणाऱ्या फादर कामीय लफेव्र यांच्या नावाचं. कॅनडातून अमेरिकेत गेलेल्या काही घराण्यांनी तर आडनावाचं भाषांतरच केलं, तेही चुकीचं. 'लफेव्र'ला 'ला फेव्ह' समजलं गेलं, म्हणजे घेवड्यासारखी शेंग, म्हणून ते झाले 'बीन'. वंशावळ शोधणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं.