कॅसेट फुंकू नका, इंद्रजालला सेलोटेप लावू नका

प्रश्न : माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडला. लावला की कधी सगळा पडदा एकाच रंगाचा दिसतो, तर कधी मारिओचं संगीत वाजतं पण चित्रं फाटलेली येतात. कॅसेटीत फुंकर मारली की थोडा वेळ चालतो. मशीन गेलं का? (चिपळूण)

उत्तर : बहुधा नाही. आपल्याकडे त्या काळी घरोघरी आलेले टीव्ही गेम म्हणजे बहुतांशी निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात, दोन्ही अंगांना तीस-तीस. बहुतेक कॅसेटींत दोन स्वतंत्र मेमरी असतात : एकीत गेमचा प्रोग्रॅम, दुसरीत चित्रं. प्रोग्रॅमच्या पिना नीट टेकल्या नाहीत तर पडदा कोरा राहतो. चित्रांच्या पिना टेकल्या नाहीत तर गेम चालतो, संगीतही वाजतं, पण चित्रांचे तुकडे होतात. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आलटून-पालटून दिसतात, म्हणजे दोष संपर्काचा आहे.

फुंकरीनं काही साधत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जातात, त्यानं फरक पडतो. तोंडातली वाफ मात्र पिनांवर बसून त्यांना काळं पाडते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. इअरबड ओला करा, निथळू देऊ नका, आणि पिनांच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत नवे इअरबड घेत राहा. तरीही डाग राहिलाच तर पांढरं खोडरबर हलक्या हातानं चालवा आणि भुगा पुसून पुन्हा अल्कोहोल लावा. पॉलिश पेपर अजिबात नको. पिनांवरचा मुलामा इतका पातळ असतो की दोन हातांत तांबं उघडं पडतं, आणि मग ते दर पावसाळ्यात गंजतं.

मशीनची खाचही साफ करावी लागते, हे बरेच जण विसरतात. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलनं ओलसर करा आणि खाचेत सरळ वर-खाली पाच-सहा वेळा घाला. तिरकं केलंत तर आतल्या पट्ट्या वाकतील. सगळं दहा मिनिटं वाळू द्या, मगच वीज जोडा.

एवढं करूनही कॅसेट जरा हलवली की चित्र बदलत असेल, तर खाचेच्या पिनांचं बोर्डावरचं सोल्डरिंग तडकलं असणार. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं साठही टाक्यांना पुन्हा डाग द्यावा. स्वस्त कॅसेटीत चिपवर काळ्या रेझिनचा थेंब असतो. तोच तडकला असेल तर ती कॅसेट सोडून द्यावी.

प्रश्न : नव्या टीव्हीच्या एव्ही जॅकला तोच गेम जोडला तर स्पीकरमधून नुसता घरघराट येतो, चित्र नाही. (नागपूर)

उत्तर : घरघराट म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत शिरला आहे. नव्या टीव्हीत ३.५ मिलिमीटरचा एकच जॅक असतो आणि त्याच्या केबलमधला तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. गेमची पिवळी पिन त्या केबलच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल सॉकेटमध्ये एकेक करून लावून बघा. चित्र आलं पण काळं-पांढरं असेल, तर टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम पाल किंवा एनटीएससी बदलून पाहा. अडॅप्टर नवा घेताना मशीनच्या बुडाशी छापलेले व्होल्ट आणि मधल्या पिनेचं चिन्ह दोन्ही जुळवा. अनेक नकलांत मधली पिन उणे असते, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत अधिक. उलटा लावला तर रेग्युलेटर जळू शकतो.

प्रश्न : बदकांच्या गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर का चालत नाही? (पणजी)

उत्तर : ट्रिगर ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर नेम लागला. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवतो, तोवर गेमनं नेम चुकल्याची नोंद केलेली असते. शिवाय मूळ बंदुकीचं सर्किट पिक्चर ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच प्रतिसाद देतं. साधा १४ इंची डबा टीव्ही मिळवा. शंभर हर्ट्झचा डबा टीव्ही नको, तोही चित्र साठवून मग दाखवतो.

प्रश्न : वडिलांची मराठी इंद्रजाल कॉमिक्स आहेत, वेताळ आणि मँड्रेकची. पिना गंजल्या आहेत, पानं पिवळी पडली आहेत. लॅमिनेशन करावं का? (ठाणे)

उत्तर : कृपा करून करू नका. ते परत काढता येत नाही, आणि त्या उष्णतेनं कागद आणखी लवकर कडक होतो. इंद्रजालची मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. नवे अंक येणार नाहीत, तेव्हा हातात आहेत ते जपायचे. पिवळेपणा कागदातल्या लिग्निनचा, म्हणजे लाकडातून आलेल्या घटकाचा आहे. तो घालवता येत नाही, पण ऊन आणि दमट हवा टाळून त्याचा वेग कमी करता येतो.

आधी गंजाकडे बघा, कारण तो कागद खात जातो. अंक मधोमध उघडा, बोथट पातळ सुरीनं पिनेचे दोन्ही पाय सरळ करा आणि पाठीकडून पिन बाहेर घ्या. ओढाताण केलीत तर गंजानं कुजलेला कागद पिनेसोबत येईल. मग त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याचा सैलसर टाका घालून आत गाठ मारा. फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीनं लावा. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही.

प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून ठेवा. पीव्हीसीची पिशवी शाईला चिकटते. पंधरा-वीस अंकांची आडवी चळत पुरे, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं, तिथे ओल धरते. पावसाळा संपला की सगळे अंक काढून कसर लागली आहे का ते तपासा.

प्रश्न : जुने ‘चांदोबा’ स्कॅन करताना चित्रांवर जाळी उमटते आणि मागच्या पानाचा मजकूरही दिसतो. (सांगली)

उत्तर : जुनी छपाई ठिपक्यांची असते, आणि कमी रिझोल्यूशनवर ते ठिपके स्कॅनरच्या रेषांशी भांडतात. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मूळ फाइल तशीच ठेवा आणि वाचायची प्रत नंतर ३०० वर आणा. मागचा मजकूर दिसू नये म्हणून पानामागे काळा कागद ठेवा. पान थोडं गडद येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये उजळता येतं. बांधीव खंड काचेवर दाबून सपाट करू नका, पाठ तुटते. त्यासाठी वरून फोटो काढणं बरं : पुस्तक ९० अंशांतच उघडा, मागच्या भागाला उशीचा आधार द्या आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावा.