जुनी मोटरहोम : दुरुस्ती की बदल?

प्रश्न : आमची मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) १८ वर्षांची आहे. इंजिन उत्तम चालते. मात्र पावसानंतर पलंगाजवळच्या भिंतीला ओल येते आणि तिथली जमीन पायाखाली दबते. दुरुस्ती करावी की गाडी बदलावी?

उत्तर : इंजिनाच्या प्रकृतीवरून हा निर्णय घेऊ नका, कारण अशा गाड्यांचे खरे वैरी पाणी असते. छताच्या सांध्यांतले सीलंट (फटी बुजवणारा लेप) उन्हाने कडक होऊन तडकते, तिथून झिरपलेले पाणी भिंतीतल्या लाकडी सांगाड्यात उतरते आणि बाहेरचा पत्रा कोरडा दिसत असतानाच आतले लाकूड कुजू लागते. तुमची जमीन दबते, म्हणजे हे बरेच आधीपासून चालू असावे. खिडक्यांखालचे कोपरे, छतावरील झरोक्याभोवतीचा भाग आणि कपाटांच्या आतल्या बाजू ओलावामापकाने तपासून घ्या.

कूज एका कोपऱ्यापुरती असेल, तर तेवढे लाकूड बदलून आणि छताचे सर्व सांधे नव्याने सील करून गाडी खुशाल ठेवा. ती दोन-तीन भिंतींत पसरली असेल, तर मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. आतले फर्निचर उखडल्याशिवाय सांगाड्यापर्यंत पोहोचताच येत नाही आणि मजुरीच सामानापेक्षा जड जाते. चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या धातूच्या सांगाड्याचा, गंजही याच वेळी पाहावा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दहा वर्षे उलटलेले टायर कृपया वापरू नका. आणि गाडी विकायचे ठरले, तर ओल रंगाखाली न झाकता घेणाऱ्याला दाखवा.