नव्या अस्थिशल्यचिकित्सकास

डॉक्टर, तुम्ही या शाखेत का आलात हे रुग्ण क्वचितच विचारतो. तुम्ही आधी एक्स-रे हातात घेता की त्याचा पाय, हे मात्र तो नेमके पाहतो. माझा आग्रह पायाचा आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या मुलाचा खुबा तपासल्याखेरीज त्याला घरी पाठवू नका, कारण खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. उमेदवारीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आणि मुलाचे लंगडणे त्याच्या आईने दाखवल्यावरच मला खुब्याचा एक्स-रे सुचला.

प्लास्टरनंतर वेदना वाढतच असतील आणि बोटे नुसती ताणताच रुग्ण कळवळत असेल, तर वेदनाशामक लिहून वाट पाहू नका. प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडा आणि वरिष्ठांना बोलवा, कारण स्नायूंभोवतीच्या बंदिस्त कप्प्यातील दाब वाढल्यास काही तासांत स्नायू मरू लागतात. नाडी लागते आहे, हा अशा वेळी खोटा दिलासा असतो.

इंग्रज शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्या १९६२ मधील कामापासून खुबारोपण, म्हणजे खुब्याचा कृत्रिम सांधा बसवणे, भरवशाचे झाले. तरीही शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी रुग्णाला जिना चढायचा आहे की रात्री न कण्हता कुशीवर वळायचे आहे, हे खुर्ची ओढून, बसून विचारा.