घाटेअळीचा जीनोम वाचून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं?

तुमचा प्रश्न असा की, 2017 मध्ये घाटेअळीचा अख्खा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला, मग हरभऱ्यावरची अळी अजून हटत का नाही? तर जीनोम म्हणजे औषध नव्हे. पण फवारे वाया का जातात, ते त्यातून कळतं.

मी एका कीटकशास्त्र प्रयोगशाळेत या अळ्या पाळायच्या कामाला होतो. पहिल्याच आठवड्यात आळस केला आणि दहा अळ्या एकाच डब्यात ठेवल्या. सकाळी बघतो तर चारच, त्याही टम्म फुगलेल्या. बाकीच्या पोटात! तेव्हापासून प्रत्येकीला वेगळा खण. डीएनए काढायच्या आधी आतडं काढून टाकावं लागतं, नाहीतर अळीबरोबर हरभऱ्याचा आणि जिवाणूंचाही डीएनए वाचला जातो.

जीनोम भरला सुमारे 34 कोटी अक्षरांचा, जनुकं 17 हजारांच्या घरात. त्यातली दोनशेहून जास्त नुसती चव ओळखायला. रेशीमकिडा तुतीशिवाय कशाला तोंड लावत नाही, त्याच्याकडे अशी जनुकं शंभराच्या आत. पानातलं विष पचवणाऱ्या जनुकांचंही तसंच, घाटेअळीकडे ती रग्गड. हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो सगळं चालतं ते उगाच नाही. हरभऱ्याच्या आंबेनं आपली पँट गुडघ्यापर्यंत आंबट होते, पण ही बया घाट्यात डोकं खुपसून निवांत खात असते.

आता तुमच्या मुद्द्याचं. फेनव्हलरेट या कीटकनाशकाची भुकटी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांवर काम करणाऱ्यांना 2012 मध्ये दिसलं, की शेजारशेजारच्या दोन जनुकांचे तुकडे जुळून एक तिसरंच जनुक तयार झालंय आणि ते फेनव्हलरेटची मोडतोड करून टाकतं. त्याचं नाव सीवायपी337बी3. ही अळी 2013 मध्ये ब्राझीलमध्ये सापडली. तिथल्या चुलत जातीशी तिचा संकर झाला आणि हे जनुक त्या जातीतही शिरलं. म्हणजे फवारा न खाल्लेल्या अळीलाही आयती ढाल. हा प्रवास जीनोम वाचल्याशिवाय कळलाच नसता.

म्हणून एकाच गटाचं औषध हंगामभर मारू नका, डोस वाढवून तर मुळीच नको. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं घाटेअळीचे नर पतंग त्यात येतात. सलग दोन-तीन रात्री सापळ्यामागे आठ-दहा पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली समजा. अळ्या लहान असतील तर मी तरी आधी एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग लावणाऱ्या विषाणूचं औषध, घेईन, तेही संध्याकाळी, कारण उन्हानं विषाणू मरतो. वर सांगितलेल्या जनुकाचा त्याच्यापुढे काही उपयोग नाही. त्याचा फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही, म्हणून लोक घाबरून पुन्हा रासायनिक मारतात. आठवडाभर धीर धरा आणि सकाळी शेंडे बघा. लागू पडलं असेल तर अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतील, काळ्या पडून पाझरणाऱ्या.