व्याह्यांच्या भिंतीवरची वंशावळ

प्रश्न : आप्पा, माझ्या लेकीनं इंग्लंडात तिथल्याच मुलाशी लग्न केलं. यंदा आम्ही दोघं नॉरफोकला व्याह्यांकडे जाऊन आलो. त्यांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत वंशावळ लावलीय. 1066 साली विल्यम राजाबरोबर आलेल्या सरदारापासून थेट आमच्या जावयापर्यंत. वर ढालीचं चिन्ह. आम्हाला पणजोबांच्या मागचं नाव सांगता येईना, म्हणून ओशाळल्यासारखं झालं. एवढं मागचं खरंच सापडतं का? तिकडेही भाट असतात का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, ओशाळू नका. मी छत्तीस वर्षं तलाठी होतो. वारस नोंदीसाठी समोर आलेल्या वंशावळीत वरच्या ओळी नेहमी सुबक असायच्या. खाली आलं की खाडाखोड, एक काका परागंदा, एक आत्या लिहायचीच राहिलेली. खाडाखोड दिसली की मला बरं वाटायचं. माणसं खरी आहेत म्हणायची.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्या लढाईत त्याच्याबरोबर होते असं नावानिशी खात्रीनं सांगता येतं ते जेमतेम पंधरा-वीस जण. बाकीच्या लांबलचक याद्या मागाहून झाल्या, आणि त्यात आपलं नाव असावं असं पुष्कळांना वाटलं.

भाट म्हणाल तर होते, फक्त सरकारी. 1530 ते 1688 पर्यंत राजाचे हेरल्ड जिल्होजिल्ही फिरत. ढालीचं चिन्ह मिरवणाऱ्यांना बोलावून हक्क तपासत आणि पिढ्या लिहून घेत. आजा-पणजापर्यंत ते लिखाण बरं. त्यावरचं घरच्यांनी सांगितलेलं. दक्षिणा बघून आपला भाट पिढी वाढवतो, असं माझे वडील म्हणायचे. आणखी एक, ते चिन्ह आडनावाला मिळत नाही. एका माणसाला मिळतं, मग त्याच्या वंशाला. आपल्याकडचे सगळे पाटील काय एकाच वाड्यातले?

शोध खालून वर करायचा. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या 1538 पासून ठेवायचा हुकूम झाला, त्यातल्याही कित्येक हरवल्या. त्याच्या मागे जायचं तर माणसाचा नाद सोडून जमिनीच्या मागे लागायचं. राजाकडून थेट जमीन धरणारा कुणी मेला, की सरकारी अधिकारी गावची माणसं जमवून शपथेवर विचारायचा : जमीन किती, कुणाकडून, कोणत्या अटीवर, मेला कधी, जवळचा वारस कोण, त्याचं वय काय. तेराव्या शतकापासून पुढे चारशे वर्षं हे चाललं. मुलानं छापून दिलेला असा एक इंग्रजी गोषवारा वाचला आणि मला आमची चावडीच दिसली. वारसाचा फेरफारच तो! फक्त लॅटिनमध्ये, चामड्यावर. मूळ कागद लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वयाच्या जागी ‘21 आणि अधिक’ दिसलं तर फसू नका. त्याचा अर्थ सज्ञान, एवढाच.

वारस अज्ञान निघाला तर जमीन राजाच्या ताब्यात. पुढे ती सोडवायला वय सिद्ध करावं लागे, आणि जन्माचा दाखला तर नाही. मग बारा साक्षीदार. एक म्हणणार, त्याच दिवशी माझा पाय मोडला; दुसरा म्हणणार, त्याच आठवड्यात मला मुलगा झाला. माझी आजी सांगायची, “तापीले मोठा पूर उना, त्या साले तुना बाप व्हयना.” मास्तरांनी दाखल्यावर 1 जून घातला. आमच्या अख्ख्या गल्लीचा वाढदिवस 1 जूनला! तिकडच्या साक्षींतही तोच मोडका पाय जागोजाग भेटतो, म्हणजे कारकुनाचा साचा ठरलेला. माणसं खरी, पाय कुणाचा ते देव जाणे.

तारखांचंही बघा. साल राजाच्या राज्यारोहणापासून मोजत, दिवस संतांच्या सणावरून सांगत. शिवाय 1752 पर्यंत इंग्लंडात नवं साल 25 मार्चला लागायचं. त्यामुळे जुन्या कागदावरचा फेब्रुवारी 1432 म्हणजे आपला 1433. एवढ्यावरून बाप मुलाच्या जन्माआधीच वर्षभर मारला जातो.

व्याही नॉरफोकचे, म्हणून तिथलीच गोष्ट सांगतो. पॅस्टन गावाचं पॅस्टन घराणं, पंधराव्या शतकातल्या पत्रांमुळे नावाजलेलं. विरोधकांनी लिहून ठेवलंय, की यांचा मूळपुरुष क्लेमेंट साधा शेतकरी. फार तर शंभर-सव्वाशे एकर, स्वतः नांगर धरणारा. बिनखोगिराच्या घोड्यावर धान्य टाकून त्यावरच बसून गिरणीला जायचा, पीठ घेऊन तसाच यायचा. बायको तर वेठीच्या कुळातली, असंही. मेहुण्याच्या मदतीनं त्याचा पोरगा विल्यम वकिली शिकला, 1429 मध्ये न्यायाधीश झाला, जमिनी घेत गेला. मग 1466 मध्ये राजा चौथ्या एडवर्डनं जाहीर केलं, की हे घराणं 1066 पासून खानदानी आहे. त्यासाठी जुने कागद दाखवले होते म्हणे! विरोधकांचं सगळं खरं मानू नये, भावकीचा वाद काय काय लिहायला लावतो ते मी पाहिलंय. पण त्या पिठाच्या पोत्यावर माझा राजाच्या कागदापेक्षा जास्त विश्वास बसतो.

व्याह्यांना वंशावळ खोटी का, असं विचारू नका, लेकीला जाच होईल. चहा घेता घेता एवढंच विचारा : तुमची जमीन कोणत्या गावची, आणि 1538 च्या आधी ती कुणाच्या मरणानंतर कुणाच्या नावावर लागली? उत्तर आलं तर मलाही कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

आता तुमचे पणजोबा. तहसिलीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल मागा, जुने फेरफार काढा. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या वहीत कुणी ना कुणी आजोबा सही करून गेलेले असतील. मात्र मूळ गाव पक्कं करून जा. तिथे नुसत्या आडनावानं भागत नाही, उपाध्याय गावावरून लागतो.