मोठा मुतखडा : पाठीतून छिद्र की लघवीच्या मार्गाने लेझर?

प्रश्न : सीटी स्कॅनमध्ये डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात 2.6 सेंटिमीटरचा खडा निघाला. एक डॉक्टर पाठीतून छिद्र पाडून काढू म्हणतात. दुसरे म्हणतात, छिद्र कशाला, लघवीच्या मार्गाने लेझर करू. घरच्यांना दुसरं बरं वाटतंय. काय करावं?

उत्तर : दोघांपैकी चूक कोणीच नाही. पण एवढा मोठा आणि तोही खालच्या कप्प्यातला खडा म्हटल्यावर आमचा कौल छिद्राला, म्हणजे पीसीएनएलला, त्यातही बारीक छिद्राच्या मिनी पीसीएनएलला.

खड्याची रुंदी दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं. 1.3 सेंटिमीटरचा गोल खडा जेमतेम 1.15 घन सेंटिमीटर भरेल. तुमचा 9 च्या आसपास. आरआयआरएसमध्ये, म्हणजे लघवीच्या मार्गाने, हा सगळा ऐवज साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या लवचिक दुर्बिणीतून लेझरने भुगा करायचा. वेळ लांबतो. सतत सोडलेल्या पाण्याचा किडनीत दाब राहतो आणि खड्यातले जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढत जातो. म्हणून सर्जन मध्येच थांबतात, उरलेलं काम काही आठवड्यांनी. ‘छिद्र नाही’ ऐकायला गोड लागतं. भूल किती वेळा द्यावी लागेल, तेही विचारा. शिवाय कप्प्याचा कोन तीव्र असेल तर आत लेझरचा फायबर घातल्यावर दुर्बीण हवी तेवढी वाकत नाही आणि भुगा तळाशीच बसतो. (सक्शन असलेल्या नव्या नळ्यांनी दाब आणि भुगा दोन्ही कमी होतात, हे खरं.)

नेहमीच्या पीसीएनएलमध्ये वाट 8 ते 10 मिलिमीटरची, मिनीमध्ये साधारण 5 ते 7. वाट बारीक म्हणून रक्तस्राव कमी. पण तुकडेही बारीक करावे लागतात, त्यामुळे वेळ थोडा जास्त. घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांतही लघवी अचानक गडद लाल झाली किंवा गाठी पडल्या तर वाट न बघता रुग्णालय गाठा. धमनीला फुगा आलेला असू शकतो. अँजिओग्राफी करून तो बंद करता येतो.

रक्त पातळ करणारी गोळी थांबवणं शक्य नसेल, तर मात्र आमचं उत्तर फिरतं : आरआयआरएसच, दोन बैठका लागल्या तरी.

बाहेरून लहरींनी फोडण्याचा विचार एवढ्या खड्यासाठी नको. तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकते.

कोणतीही पद्धत ठरो, आधी लघवीचं कल्चर. जंतू निघाले तर ॲन्टिबायोटिक सुरू केल्याशिवाय टेबलावर जाऊ नका, ताप नसला तरीही. नंतर बहुतेकदा आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, ठेवतात. त्यामुळे वारंवार लघवीला लागणं, लघवी करताना कमरेत कळ येणं चालायचंच. पण तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. त्रास थांबला की लोक स्टेंट विसरतात. महिनोन्महिने राहिला तर त्याच्यावरच खडा चढतो, आणि मग तो काढायला पुन्हा शस्त्रक्रिया.